नाणेघाटचा धबधबा : पाण्याचा एक पाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



घाटमाथ्यावरच्या शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकास केव्हा ना केव्हा एक प्रश्न विचारला जातो. तो पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायात छापलेला नसतो. चैत्राच्या उन्हात दूरच्या झऱ्यावरून हंडा घेऊन आलेली एखादी मुलगी शाळेत उशिरा पोचते, आणि उशिराचे कारण सांगता सांगता विचारते, "गुरुजी, आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, मग ते पाणी जातं कुठं?" प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितके सरळ नाही. "पाणी समुद्रास जाते" एवढे सांगून शिक्षकाने पुढील पाठास आरंभ केला, तर ते उत्तर खोटे ठरत नाही. परंतु त्या उत्तराने मुलीचा हंडा भरत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या एका स्थळी डोळ्यांनी पाहता येते, त्या स्थळाविषयी हे व्याख्यान आहे. ते स्थळ म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील नाणेघाटचा धबधबा. गिरसप्प्यासारख्या मोठ्या प्रपातांची वर्णने पुस्तकांतून पुष्कळ आढळतात. नाणेघाटचा धबधबा त्या मालिकेत बसणारा नव्हे. त्याला मोठ्या नदीचा आधार नाही. तो पावसाळ्याचे चार महिने वाहतो आणि उरलेल्या काळात त्याच्या जागी केवळ काळा कातळ दिसतो. पण शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नेमके ह्या आटण्यातच आहे. वाहणारा धबधबा पाहून मन प्रसन्न होते. कोरडा धबधबा पाहून मन विचार करू लागते.

जुन्नर गावापासून पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटर गेले असता पठार एकाएकी संपते. घाटघर गाव मागे पडते, जीवधन किल्ल्याचे कडे जवळ येतात आणि पुढे जमीनच उरत नाही. खाली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचा मुलूख पसरलेला दिसतो. कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरमार्गे पैठणास जाणारी प्राचीन व्यापारी वाट ज्या खिंडीतून वर येई, तीच ही नाण्याची खिंड. तिच्या शेजारचा कडा खालून पाहिला असता उभारलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्यास 'नानाचा अंगठा' म्हणतात. समुद्रसपाटीपासून हा माथा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे.

आषाढात हा माथा ढगांत बुडालेला असतो. गवतातून लहान लहान ओहोळ कड्याकडे धावतात. ते कड्यावरून खाली कोसळतील अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते; परंतु वाऱ्याचा जोर असेल तेव्हा तसे घडत नाही. पाणी कड्याच्या ओठापर्यंत येते, तेथे फुटते आणि धुराच्या लोटासारखे वर उठून पुन्हा माथ्यावरच येऊन पडते. कड्यापासून पुष्कळ अंतरावर उभा असलेला मनुष्यही त्या तुषारांनी भिजून जातो. वारा क्षणभर मंदावला की पाणी खाली पडू लागते. वारा पुन्हा उठला की तेही पुन्हा उलट फिरते. म्हणूनच ह्यास 'उलटा धबधबा' असे नाव पडले आहे.

हे पाहून मुलांस चमत्कार वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने तो आनंद हिरावून घेऊ नये. पण त्याचे कारणही सांगावे, कारण कारण कळल्याने आनंद कमी होत नाही. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा नैऋत्य वारा कोकणची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतो. पुढे वाट नसल्यामुळे तो भिंतीच्या कडेने वर चढतो. खिंडीच्या तोंडाशी तो अरुंद जागेत सापडतो, त्यामुळे त्याचा वेग अधिकच वाढतो. इकडे माथ्यावरून येणारा ओहोळ पातळ असतो व कड्यावर येताच त्याचे थेंब होतात. अर्धा मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदास सुमारे २ मीटर वेगाने पडतो, एक मिलिमीटरचा सुमारे ४ मीटर, आणि पाच मिलिमीटरचा मोठा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. आता ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा म्हणजे सेकंदास १० मीटर. असा वारा जेथे वरच्या दिशेने वाहत असेल, तेथे लहान थेंबांस खाली पडणे शक्यच नसते. पाण्याने पडण्याचा आपला धर्म सोडलेला नाही. वाऱ्याचा जोर अधिक झाला, इतकेच. वरच्या इयत्तेतील मुले हे गणित स्वतः सोडवू शकतात.

ह्याच माथ्यावर भूगोलाचा आणखी एक पाठ उभ्या उभ्या शिकविता येतो. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्रास मिळतो. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. थोड्याच अंतरावर पूर्वेस पडलेला थेंब कुकडी नदीत जातो. कुकडी घोड नदीस, घोड भीमेस, भीमा कृष्णेस मिळते आणि तो थेंब साऱ्या दख्खनचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोचतो. दोन थेंब शेजारी जन्मले, पण त्यांचे समुद्र निराळे झाले. जी रेषा त्यांना वेगळे करते, तिला जलविभाजक म्हणतात. वाऱ्याने मागे फेकलेला एखादा तुषार ह्या रेषेपलीकडे पडला, तर त्याचाही समुद्र बदलेल. 'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर लिहून पाठ करविण्यापेक्षा मुलास त्या रेषेवर उभे करून दोन्ही हात दोन दिशांस पसरावयास सांगितले, तर तो शब्द जन्मभर विसरला जाणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. पाणी येते किती, आणि जाते कोठे?

घाटमाथ्यावर पाऊस अधिक का पडतो, हे वाऱ्याच्या वरील वर्णनावरूनच उमगते. वर चढणारी हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस पडतो. डोंगर ओलांडून वारा पूर्वेस उतरू लागला की पाऊस झपाट्याने घटतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरांवरील वाईस तो हजार मिलिमीटरही भरत नाही. जुन्नर तालुक्यातही हाच क्रम दिसतो : पश्चिमेस कड्यालगत भाताची खाचरे, मध्यभागी बेताचा पाऊस आणि पूर्वेस कोरडवाहू माळ.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. एका हेक्टरावर तेच दहा हजार लिटर होते. माथ्याच्या दहा हेक्टर जमिनीवर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर एक कोटी लिटर पाणी पडले, असा हिशेब निघतो. घाटमाथ्यावर आषाढात असा दिवस विरळा नसतो. म्हणजे येणाऱ्या पाण्यास तोटा नाही. मग पाणी राहत का नाही?

ह्याचे उत्तर कातळात आहे. सह्याद्रीचा हा भाग अग्निजन्य खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, दूरवर पसरला व थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. काही थर घट्ट व कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि त्यामुळे डोंगरास पायऱ्यांचा आकार येतो. भूगर्भशास्त्रात ह्या खडकास 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. त्यातील 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. परक्या देशाच्या अभ्यासकांसही ह्या प्रदेशात प्रथम पायऱ्याच दिसल्या.

घट्ट कातळाच्या अंगात पाणी शिरत नाही. जे काही मुरते, ते भेगांतून, फटींतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. कड्यालगतच्या माथ्यावर मुरूम व माती ह्यांचा थर अगदी पातळ असतो. पहिल्या काही पावसांतच तो तुडुंब भिजतो आणि त्यानंतर पडणारे जवळजवळ सर्व पाणी वरच्यावर वाहून जाते. उतार तीव्र आहे. धबधब्यास पाणी पुरविणारे क्षेत्र लहान आहे, कारण कड्यापासून जलविभाजक फार दूर नाही. नदी लांब असेल तर तिला दूरदूरच्या भूमीत मुरलेले पाणी पाझरून पावसाळ्यानंतरही मिळत राहते. ह्या ओहोळांस तसा साठाच नाही. म्हणून पाऊस थांबला की काही दिवसांत धबधब्याची धार रोडावते, दिवाळीपर्यंत तिचा दोरा होतो आणि पुढे कातळावर केवळ पांढुरके व काळसर ओघळ उरतात. ते ओघळ म्हणजे गेलेल्या पाण्याची खूण.

अशा डोंगरात उन्हाळ्यापर्यंत जगणारे काही झरे असतात, आणि त्यांनाही कारण असते. लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा थर सापडतो. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेले पाणी ह्या थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडला असेल, तेथे बाहेर झिरपते. झऱ्याच्या वरच्या अंगास झाडी व माती असेल, तर पाणी सावकाश मुरते आणि झरा अधिक दिवस टिकतो. ती झाडी तुटली आणि माती वाहून गेली, तर तोच झरा आधी आटतो. गावातील वृद्ध स्त्रियांस ह्या झऱ्यांची माहिती कोणत्याही नकाशापेक्षा अधिक असते. कोणता झरा होळीपर्यंत पुरतो, कोणता अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे त्या न अडखळता सांगतात. कारण ते ज्ञान त्यांनी डोक्यावर वाहिले आहे.

येथपर्यंतचा विचार काहीसा निराशेचा वाटेल. डोंगरच पाणी धरत नाही, तर मनुष्य काय करणार? ह्या शंकेचे उत्तर नाणेघाटातच दोन हजार वर्षांपासून कातळात कोरलेले आहे.

खिंडीच्या तोंडाशी एक मोठे कोरीव लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची नोंद त्यात आहे. त्यातील संख्या अंकांनी लिहिलेल्या असून ब्राह्मी अंकांच्या जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. ह्या लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत आणि त्यांच्यावर कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरेने सांगतात.

पाहुणे बहुधा हे लेणे आणि हा रांजण पाहून परततात. शिक्षकाने मात्र आणखी एक गोष्ट मुलांस दाखवावी. लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. प्राकृतात अशा टाक्यास 'पोढी' म्हणत. येथील एका टाक्याच्या लेखात, सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी धर्मार्थ दिली, अशी नोंद आहे. सोपारा हे समुद्रकाठचे बंदर, आणि हे टाके घाटाच्या माथ्याशी. बंदराच्या गावचा एक मनुष्य ह्या चढणीवरील तहानेची आठवण ठेवतो आणि आपल्या पैशाने तेथे पाण्याची सोय करतो. त्याच्याविषयी इतिहासात याहून फारसे काही लिहिलेले नाही. पण राजांच्या मूर्ती गेल्या तरी त्याचे दान आणि त्या दानाचा हेतू आजही ओळखता येतो.

ह्या टाक्यांत पाणी का राहते, ह्याचा विचार मुलांकडून करून घ्यावा. टाक्याचा कातळ निराळा नाही. धबधब्याचाच तो कातळ आहे. जो खडक पाण्यास आत शिरू देत नाही, तोच खडक, खोलगट केला असता, पाण्यास बाहेरही जाऊ देत नाही. डोंगराच्या ज्या गुणामुळे धबधबा आटतो, त्याच गुणामुळे टाके भरलेले राहते. पावसाळा संपून धबधब्याचा आवाज थांबल्यावरही टाक्यांत पाणी टिकून राहते. सातवाहनकालीन माणसांनी डोंगराचा स्वभाव बदलला नाही. तो ओळखला आणि त्याला योग्य तेथे वळण दिले. मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ येथे होतो.

ह्या पाठाचे शाळेत काय करावयाचे, ह्याचा आता विचार करू. प्रत्येक शाळेस नाणेघाट जवळ नाही, आणि त्याची गरजही नाही. सह्याद्रीच्या कुशीतील प्रत्येक गावाजवळ पावसाळी ओहोळ असतोच. पठारावरील गावास निदान एखादा ओढा असतो. त्या ओहोळाची भेट वर्षातून तीन वेळा घ्यावी. पहिली भेट श्रावणात, सुरक्षित अंतरावरून. दुसरी दिवाळीच्या सुटीनंतर. आणि तिसरी शाळा सुटण्यापूर्वी चैत्रात. तिन्ही वेळा एकाच जागी उभे राहून मुलांनी एकच चित्र काढावे आणि खाली तारीख घालावी. ही तीन चित्रे वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावली, म्हणजे परिसर अभ्यासाचा एक उत्तम तक्ता खर्चावाचून तयार होतो.

दुसऱ्या भेटीच्या वेळी ओढ्याचे पाणी घोट्याइतकेच असते, तेव्हा प्रवाह मोजावा. काठावर पाच मीटर अंतर आखावे आणि एक सुकलेले पान सोडून ते किती सेकंदांत जाते ते पाहावे. समजा, दहा सेकंद लागले, तर वेग सेकंदास अर्धा मीटर. पात्राची रुंदी एक मीटर आणि सरासरी खोली दहा सेंटिमीटर असेल, तर सेकंदास ५० लिटर पाणी जात आहे. पृष्ठभागावरील पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून ह्यातील एक पंचमांश वजा करावा. ४० लिटर उरतात. म्हणजे तासास १ लाख ४४ हजार लिटर. घोट्याइतक्या पाण्यातून तासाभरात एवढे पाणी निघून जाते, हे मुलांनी स्वतः काढलेले उत्तर असल्यामुळे त्यावर त्यांचा विश्वास बसतो. आणि घरी जाऊन ती ते वडीलधाऱ्यांसही सांगतात.

दुसरे गणित शाळेच्या छपराचे. छपराचे क्षेत्र ५० चौरस मीटर धरले, तर एक मिलिमीटर पावसाचे ५० लिटर पाणी होते. गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले घाण पाणी ह्यांबद्दल एक पंचमांश वजा केला, तरी ४० लिटर राहतात. चाळीस मुलांस प्रत्येकी दोन लिटर प्रमाणे दिवसास ८० लिटर पिण्याचे पाणी लागते. उन्हाळ्याकडील नव्वद शाळा-दिवसांस ७ हजार २०० लिटर पुरतात. आठ हजार लिटरांची झाकलेली टाकी भरण्यास दोनशे मिलिमीटर पाऊस पुरेसा आहे, आणि तेवढा पाऊस घाटमाथ्यावर काही दिवसांतच होतो. हे पाणी गाळून व शुद्ध करूनच प्यावयाचे, हे वेगळे सांगणे नको. ही टाकी म्हणजे शाळेची पोढी होय. शाळा-समितीपुढे मागणी मांडताना शिक्षकाने मुलांनी केलेले हे गणितच पुढे ठेवावे. त्याहून चांगला अर्ज दुसरा नाही.

तिसरे काम गावातील झऱ्यांच्या नोंदीचे. मुलांनी आपल्या आजीस विचारून प्रत्येक झऱ्याचे नाव, त्याची जागा आणि तो कोणत्या सणापर्यंत पुरतो, हे वहीत लिहावे. पुढील वर्षीच्या मुलांनी ती नोंद तपासावी. पाच-सहा वर्षांत शाळेजवळ असा दस्तऐवज तयार होईल की, झरा लवकर आटू लागला आहे किंवा कसे, हे तर्काने नव्हे, पुराव्याने सांगता येईल. आटत्या झऱ्याच्या वरच्या अंगास गवत व झाडी राखणे, जेथे माती आहे तेथे समतल चर खणणे, पावसाळा सरताच ओढ्यावर रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालणे, ही कामे गावाने करावयाची आहेत. पण ती कोठे करावीत, हे त्या वहीवरून कळेल.

ह्या सर्व गोष्टींइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे एक कर्तव्य शेवटी सांगणे अवश्य आहे. धबधबा सुंदर असतो आणि तो जीव घेतो. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. थोड्या वेळापूर्वी ज्या पाण्यात माणसे निश्चिंत उभी असतात, त्याच पाण्यास काही क्षणांत लोंढ्याचे रूप येते. असे का घडते, हे ज्याने वरील पाठ समजून घेतला त्याला उमगते. माथ्याचा कातळ पाणी धरत नाही, म्हणून वर पडलेला पाऊस तत्काळ खाली येतो. पाहणाऱ्याच्या डोक्यावर ऊन असले, तरी वरच्या माथ्यावर सर कोसळलेली असू शकते. ज्या कारणाने धबधबा उन्हाळ्यात आटतो, त्याच कारणाने तो पावसाळ्यात एकाएकी फुगतो.

म्हणून काही खुणा मुलांस तोंडपाठ असाव्यात. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पाण्याबरोबर पाने व काटक्या वाहू लागल्या किंवा वरून येणारा आवाज वाढला, की क्षणाचाही विलंब न करता काठावर उंच जागी जावे. चप्पल वा दप्तर घेण्यासाठी मागे वळू नये. शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवू नये. धबधब्याखालच्या डोहाची खोली डोळ्यांनी कळत नाही, म्हणून त्यात उतरू नये. कड्याच्या ओठाशी जाऊ नये. जो वारा पाण्यास वर उचलतो, तो मनुष्याचाही तोल घालवितो. पाण्यात कोणी पडलेच, तर पोहता न येणाऱ्याने उडी टाकू नये. दोर, काठी किंवा धोतर फेकावे आणि मोठ्यांस हाक मारावी. भर पावसात मुलांची सहल धबधब्यावर नेण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. घाटमाथ्यावरच्या मुलांस पाण्याचे भय नसते, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण भय नसणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे. ते ज्ञान देणे हे शाळेचे काम आहे.

अशा रीतीने एका लहानशा, चार महिन्यांच्या धबधब्यातून भूगोल, विज्ञान, गणित, इतिहास आणि जीवितरक्षण हे पाच विषय शिकविता येतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ते एवढेच की, शिक्षकाने मुलांबरोबर त्याच जागी तीन वेळा जावे आणि तिसऱ्या वेळी, जेव्हा तेथे पाहण्यासारखे काही नाही असे सर्वांस वाटते, तेव्हा अधिक वेळ थांबावे.

उशिरा आलेल्या त्या मुलीने पुन्हा विचारले, "गुरुजी, ते पाणी जातं कुठं?", तर शिक्षकाने तिला कोरड्या कड्यापाशी न्यावे आणि ते कोठून कसे गेले, हे तिच्याच बोटाने दाखवावयास सांगावे. मग तिला टाके दाखवावे. ज्या दिवशी ती आपण होऊन म्हणेल की, "गुरुजी, हे पाणी शाळेपाशीसुद्धा थांबवता येईल," त्या दिवशी हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.